राजीखुशीने लिहून देणार

"चला, पुरुष मंडळींनी चहा घेऊन यावं," असं साळवेकाका म्हणाले की नवीन माणसाला वाटायचं, काय अगत्य आहे! तो खूश होऊन उठायचा आणि बरोबरच्या बहिणीला नाहीतर आईला म्हणायचा, "चल गं." की काका हातातलं पेन वर करायचे. "त्या नाही. त्या बसतील. चहा पुरुषांचा." मग त्या माणसाचा चेहरा असा काही उतरायचा की मला टाइपरायटरच्या मागे तोंड लपवून हसायला लागायचं.

साळवेकाका जाऊन आता बरीच वर्षं झाली. ऐंशीच्या सुमाराला घाटकोपरला नोंदणी कचेरीच्या कुंपणाला लागून पत्र्याची एक शेड होती, त्यात पाच-सहा दस्तलेखक टेबलं टाकून बसायचे. कुणाला जमीन विकायची असो, घर बक्षीस द्यायचं असो, आधी यांच्याकडून स्टॅम्पपेपरवर दस्त लिहून घ्यायचा, मग आत साहेबांपुढे जाऊन सह्या-अंगठे करायचे, की सरकारदरबारी व्यवहाराची नोंद झाली. त्यातलं शेवटचं टेबल काकांचं. काळासावळा, उंच, खिशाला दोन पेनं आणि शर्टाची बटणं पार गळ्यापर्यंत लावलेली. मी त्यांच्याकडे टायपिंग करायचे. माझा नवरा साकीनाक्याला लेथवर होता, एका पगारात खोलीचं भाडं जाऊन हातात काही राहत नव्हतं, म्हणून मी टायपिंग शिकलेली. मुलाखतीत काकांनी एकच विचारलं, "घाई करायची सवय आहे का?" मी म्हटलं, आहे. "मग मोडावी लागेल," म्हणाले. "घाई कुणाला असते? विकणाऱ्याला, घेणाऱ्याला. जमिनीला काही घाई नाही."

चहाचा हा प्रकार फक्त हक्कसोडपत्राच्या वेळी असायचा. बाप वारला की सात-बाऱ्यावर मुलांबरोबर मुलीचंही नाव लागतं. भावांना जमीन विकायची असली की घेणारा म्हणतो, बहिणीचं नाव काढा, मगच व्यवहार. मग बहीण येते आणि लिहून देते की माझा हिस्सा मी भावांना सोडला. बदल्यात तिला साडी-चोळी मिळते आणि माहेरचं दार उघडं राहतं. कागदावर मात्र एक ठरलेलं वाक्य असतं : 'हे मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने व कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून देत आहे.' बाकीचे दस्तलेखक ते वाक्य आधीच छापून ठेवायचे. काका म्हणायचे, "रोज माझ्या टेबलावरून राजीखुशी जाते. निदान विचारून तरी लिहू दे."

पुरुष चहाला गेले की ते सगळा दस्त त्या बाईला मोठ्यानं वाचून दाखवायचे. मग कागद उलटा ठेवून विचारायचे, "आता चार बाजू सांगा." दस्तात जमिनीच्या चारी दिशांना काय आहे ते लिहावं लागतं, त्याला चतुःसीमा म्हणतात. ती खरं तर भाऊ घेऊन आलेलेच असायचे, सर्व्हे नंबरासकट. काकांना ती बाईच्या तोंडून हवी असायची. "ज्याला चार बाजू सांगता येतात त्यानंच जमीन सोडावी, बाई. न बघितलेली वस्तू कशी द्याल?" मग त्या बाया सांगायच्या. पूर्वेला शेवगा, त्याला मी शेळी बांधायचे. दक्षिणेला धाकट्या काकूचा गोठा, तिथं विंचू चावला होता. काका मान हलवत ऐकायचे आणि मग कोरड्या सरकारी मराठीत लिहायचे. शेवगा मात्र घालायचे. आतले साहेब कुरकुर करायचे की सर्व्हे नंबर आहे तर झाड कशाला. काका म्हणायचे, "साहेब, नंबर तिला माहीत नाही. झाड माहीत आहे."

हे वेड त्यांच्यात आलं कुठून ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. नगर जिल्ह्यातल्या गावात त्यांच्या वडिलांच्या नावावर वतनाची थोडी जमीन होती. कुणा मोठ्या माणसानं दारूगोळा न लागता, नुसत्या शाईच्या डबीनं ती घेतली. वडिलांना वाटलं, विहिरीच्या पाळीचा कागद आहे. "वाचून दाखवणारं कुणी नव्हतं गं मंदा. अख्ख्या वस्तीत कुणाला अक्षर नव्हतं. बाबासाहेबांच्या सभेला जाऊन आल्यावर आमच्या बापानं एकच ठरवलं, पोरगा शिकला पाहिजे. तोवर जमीन गेली होती." एवढं सांगून त्यांनी कार्बन पेपर सारखा केला आणि पुढचा दस्त घेतला.

मी कोळ्याची पोर. माझ्या जिभेला हाड नाही असं सासूबाई म्हणायच्या आणि ते खरंच आहे. मी काकांना छेडायचे, "एवढं वाचता, एवढं विचारता, शेवटी बाई अंगठा देतेच ना! मग उपयोग काय?" ते चिडायचे नाहीत. "देऊ दे. समजून दिला ना?" एकदा विक्रोळीची एक म्हातारी सगळं ऐकून म्हणाली, "सही केली तर मे महिन्यात मला माहेरी बोलावतील, एवढं त्यात लिहा की." काकांनी पेन खाली ठेवलं. मग हळूच म्हणाले, "तसं कलम नसतं, आजी." म्हातारीनं उसासा टाकला आणि अंगठा पुढे केला. त्या दिवशी काकांनी डबा उघडला नाही.

आता माझी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय काका कळायचे नाहीत.

आमचं घर माहुलला, कोळीवाड्याच्या टोकाला, खाडीवर. एका बाजूला कंपन्यांची धुराडी, एका बाजूला पाणी. घर, अंगण आणि बोंबील वाळत घालायची जागा, एवढंच. बाबा गेल्यावर त्यावर चार नावं लागली : आई, जनार्दनदादा, अशोक आणि मी. दोघे भाऊ नोकरीला लागून तिथून केव्हाच बाहेर पडले होते. आई एकटी राहायची, सुकी मासळी करायची आणि चेंबूरच्या बाजारात बसायची. एका ट्रान्सपोर्टवाल्याला टँकर उभे करायला ती जागा हवी होती. भावांनी होकार दिला. आईचं काय, विचारलं तर म्हणाले, सहा महिने दादाकडे, सहा महिने अशोककडे. दादाची खोली विक्रोळीला, चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. माझी आई एक रात्र माझ्याकडे राहिली तरी पहाटेच उठून बसायची, भरतीचा आवाज येत नाही म्हणून.

आणि दस्त करायला भाऊ आले कुठे, तर आमच्याच टेबलावर! "घरचीच टायपिस्ट आहे म्हटल्यावर बाहेर कशाला जायचं?" अशोक हसत म्हणाला. मी मशीनवर कागद चढवला आणि माझंच नाव टाइप केलं : लिहून देणार क्रमांक दोन. क्रमांक एक माझी आई. ती ठेवणीतलं लुगडं नेसून, केसात अबोली माळून आली होती.

मी आदल्या रात्रीपर्यंत ठरवलं होतं की सही करायची. नाही म्हणून जाणार कुठे? नवऱ्यानं सांगून ठेवलेलं, तुझ्या माहेरच्या भानगडीत मी पडणार नाही. भावांशी वाकडं घेऊन राहायची माझी टाप नव्हती. सगळ्याच करतात, आपणही करू, दोन मिनिटांचं काम. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "चला, पुरुष मंडळींनी चहा घेऊन यावं." भाऊ गेले. काकांनी दस्त वाचला आणि आईला चार बाजू विचारल्या.

आई सावरून बसली. "उगवतीला कंपनीची भिंत. पयले तिथं आमची बाव होती, गोड्या पान्याची. भिंत घातली तवा बाव आत गेली नि आम्ही भायेर रायलो. दक्षिणेला शांतीचं घर. तिच्या पडवीचं पानी माझ्या दारात पडतं, त्यापायी आमी इतकी वर्सं भांडतो. पन मी तापानं पडले तवा पेज तिनंच आनली. उत्तरेला बोंबलाच्या बांबूंची रांग. ते बांबू हिच्या बापानं रोवलेत."

"आणि पश्चिमेला?"

"खाडी."

"खाडी कुठवर लिहू, आई? भरतीची की ओहोटीची?"

आई म्हणाली, "भरतीची लिवा. खाडीचं कशाला आपल्या नावावर घ्या?"

काकांनी लिहिलं. मग आईनं अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर असा नीट ठेवला, की मला रडू फुटलं. घराची बाजू न् बाजू जिला पाठ, ती बाई जागा सोडत होती आणि त्यातही खाडीचा वीतभर चिखल जास्त येऊ नये याची काळजी करत होती. काकांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "मंदा, तुझ्या चार बाजू?"

"आईनं सांगितल्या त्याच," मी म्हटलं. "आणि मी सही करणार नाही."

"येडी झालीस?" आईनं माझा दंड धरला. "कर गो सही! भावांशी वाकडं घेशील तर उद्या तुझं कोन हाय?"

"तू राहशील कुठं ते सांग."

"माझं मी बघीन! मला मधी घालू नको!"

तेवढ्यात भाऊ आले. दादानं विचारलं, झालं का? काका उभे राहिले. सरळच बोलले. "लिहून देणार क्रमांक दोन यांची मर्जी नाही." दादा एकदम त्यांच्या अंगावर आला. "मर्जी? तुम्हीच हिच्या डोक्यात भरवलंत! आम्हाला चहाला पाठवून हे धंदे करता होय?" शेड गोळा झाली. अशोकनं आईला उठवलं. जाता जाता आईनं अंगठ्याची शाई पदराला पुसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्या दारात येऊ नको."

ते गेल्यावर मला वाटलं, काका आता काहीतरी बोलतील. शाबास म्हणतील, निदान पाणी देतील. ते खुर्चीत बसले होते. मला म्हणाले, "आता पुढं काय करायचं असतं?"

"मला काय विचारता? इतकी वर्षं तुम्ही विचारत होता!"

"इथवरचंच माहीत होतं गं मला," ते म्हणाले.

माझ्या सहीवाचून व्यवहार मोडला. ट्रान्सपोर्टवाल्यानं दुसरी जागा घेतली. आई तिच्या घरात राहिली, आणि पुढे बऱ्याच वर्षांनी तिथंच गेली. पण ती माझ्याशी बोलली नाही. मी चेंबूरच्या बाजारात तिच्या पाटीसमोर जाऊन उभी राहायचे. ती शेजारणीला सांगायची, "या गिऱ्हाइकाला तू दे." मी तिथून बोंबलांची जुडी घेऊन रडत घरी यायचे आणि तेच बोंबील मुलांना करून घालायचे. भाऊबीजेला दार लावून बसायचे. कधी कधी काकांचा इतका राग यायचा! वाटायचं, या माणसानं कशाला चार बाजू विचारल्या? गपचूप सही झाली असती तर आईला मिठी तरी मारता आली असती.

काकांचीही वाट लागलीच. दलालांमध्ये बातमी फिरली की शेवटच्या टेबलावर बाई उठून जाते. गिऱ्हाईक पहिल्याच टेबलांवर थांबायला लागलं. आम्ही दोघं समोरासमोर बसून रस्ता बघायचो. त्यांच्या दोन मुली कॉलेजात होत्या. ते म्हणायचे, "येईल, येईल. जमिनीला घाई नसते." पण आवाज पहिल्यासारखा लागायचा नाही.

मग एके दिवशी भांडुपचे दोघे भाऊ आणि त्यांची बहीण आली. दस्त टाइप झाला. मी वाट बघत होते. काकांनी पेन वर केलं नाही. त्यांनी शाईची डबी उघडली, बहिणीपुढे सरकवली आणि म्हणाले, "इथं." तिनं अंगठा दिला. राजीखुशीने. पाच मिनिटांत सगळे निघून गेले.

मी काय काय बोलले ते आता सांगायची लाज वाटते. ढोंगी म्हटलं. त्यांच्या बापाचं नाव घेऊन बोलले, ते तर बोलायला नको होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मंदा, मी तुला खरं सांगतो. मी विचारायचो, कारण मला माहीत होतं, कुणी उठत नाही. विचारलं की मला झोप लागायची, त्यांचं काम व्हायचं. सगळ्यांचं बरं चाललं होतं. तू उठलीस, आणि मला कळलं की या प्रश्नाला उत्तर असू शकतं. त्या दिवसापासून मला विचारायची भीती वाटते. ती उठली तर मी तिला कुठं नेऊ? तुला कुठं नेलं?"

दोन दिवस मी कामावर गेले नाही. तिसऱ्या दिवशी गेले, कारण दुसरीकडे कुठे काम होतं? त्यांनी मशीनवरचं कापड काढून ठेवलं होतं. मी कागद चढवला.

त्यानंतर महिना झाला असेल. मुलुंडकडची एक बाई आली, माझ्याच वयाची, कडेवर लहान मूल, बरोबर तीन भाऊ. काका मान खाली घालून दस्त वाचत होते, मनातल्या मनात. डबीकडे त्यांचा हात गेला. तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "दादा, तुम्ही जरा चहा घेऊन या."

थोरला भाऊ माझ्याकडे बघून काकांना म्हणाला, "मास्तर, ही कोण सांगणार?"

मला वाटलं, संपलं, आता नोकरी गेली. काकांनी पेनाला टोपण लावलं. गळ्याजवळचं बटण चाचपलं. मग उठून म्हणाले, "चला, मी पण येतो. चहा माझ्याकडून." आणि तिघांना घेऊन रस्ता ओलांडून गेले.

मी त्या बाईला दस्त वाचून दाखवला. चार बाजू विचारल्या. तिनं धडाधड सांगितल्या, आंब्याच्या फांद्यासुद्धा मोजून. मग मूल मांडीवर घेत तिनं विचारलं, "ताई, नाही म्हटलं तर पुढं काय होतं हो?"

मी सांगितलं. काही लपवलं नाही. भावांनी दार लावलं ते सांगितलं. भाऊबीज सांगितली. बाजारात आई मला गिऱ्हाईक म्हणते, ते सांगितलं. आणि आई आज रात्री तिच्याच घरात झोपणार आहे, तेही सांगितलं.

ती ऐकत राहिली. पोरानं शाईच्या डबीकडे हात नेला तो तिनं मागे ओढला. समोर हॉटेलात काका त्या भावांना अडवून बसले होते. हा माणूस कधी कुणाशी चार शब्द जास्त बोलायचा नाही, आणि आता हातवारे करून काय काय सांगत होता. एक भाऊ उठायला लागला तर त्यांनी त्याचा खांदा दाबून बसवला.

"ताई," ती म्हणाली, "अजून थोडा वेळ आहे का?"

मी रस्त्यापलीकडे पाहिलं. काका पोऱ्याला हाक मारून आणखी चार चहा सांगत होते.

"आहे," मी म्हटलं.